सरहद्द, साथ आणि व्हॅक्सिन डेपो

बेळगावात टिळकवाडीलगत गर्द झाडीची जी विस्तीर्ण जागा आहे, तिला सारे शहर 'व्हॅक्सिन डेपो' म्हणते. पहाटे फिरावयास जाणारी मंडळी हे नाव रोज उच्चारतात. पण ते पडले कशामुळे, हे सांगू शकणारे लोक आता थोडे उरले आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई सरकारने देवीची लस तयार करण्यासाठी येथे एक संस्था चालविली. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवरील येथील थंड हवा उन्हाने लवकर नासणाऱ्या लशीस मानवणारी होती. पुढे याच संस्थेचा संबंध एका फार मोठ्या जागतिक कार्याशी आला. देवीसारखा रोग पृथ्वीवरून नाहीसा करण्यासाठी जगातील सरकारे एकत्र आली, तेव्हा लस पुरविणाऱ्यांत बेळगावचाही वाटा होता. या लेखात आम्ही तीच हकीकत सांगणार आहोत.

ती सांगण्याचे कारण केवळ स्थानिक अभिमान हे नाही. आपण सरहद्दीवरची माणसे आहोत. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी बेळगावाहून एका दिशेला गेले की पोर्तुगिजांचे गोवे लागे, दुसरीकडे सावंतवाडी, तिसरीकडे कोल्हापूर आणि सांगली ही संस्थाने. चार-सहा कोसांवर सरकार बदले, नाणे बदले, कायदा बदले. साथीचा रोग मात्र कुणाचा परवाना न घेता या सगळ्या मुलखांतून फिरे. शेजारच्या सरकारांनी साथीच्या वेळी एकमेकांशी कसे वागावे, हा प्रश्न म्हणूनच आपल्याला पुस्तकी वाटत नाही. आजवर त्याची दोन उत्तरे दिली गेली आहेत. एक, दार लावून घेणे. दुसरे, खरी माहिती आणि औषध वाटून घेणे. इतिहास कोणत्या उत्तराच्या बाजूने साक्ष देतो, ते पाहण्याजोगे आहे.

आरंभ १८०२ सालापासून करावा लागेल. इंग्लंडात एडवर्ड जेन्नरने १७९६ मध्ये गाईच्या देवीपासून माणसाला संरक्षण मिळते हे दाखविले होते. ती लस हिंदुस्थानात आणण्याचे पहिले प्रयत्न समुद्रप्रवासाच्या दिरंगाईमुळे फसले. अखेर व्हिएन्नातील डॉक्टर झां द कारो यांनी वाळविलेला लसद्रव खुष्कीच्या मार्गाने बगदादला धाडला. तेथून तो बसऱ्याला व बसऱ्याहून मुंबईला पोहोचला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस तो टोचण्यात आला आणि तिच्यापासून पुढे देशभर लस पसरली. त्या वेळी ना आंतरराष्ट्रीय करार होता, ना संघटना. ऑस्ट्रियन, तुर्क व इंग्रज अशा तीन सत्तांच्या मुलखांतून डॉक्टरांनी परस्परांच्या भरवशावर हे काम पार पाडले.

सरकारे स्वतः या विषयासाठी एकत्र बसली ती १८५१ साली, पॅरिसला. पहिल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेस बारा राष्ट्रांचे प्रतिनिधी आले. प्रत्येक राष्ट्राचा एक डॉक्टर व एक मुत्सद्दी. चर्चा मुख्यतः पटकीची, प्लेगची आणि बंदरांत जहाजे अडकवून ठेवण्याच्या मुदतीची झाली. सहा महिने चर्चा होऊनही फारसे काही हाती लागले नाही, कारण पटकी पसरते कशाने याविषयीच एकवाक्यता नव्हती. त्यातून व्यापाराचा प्रश्न होताच. जहाज दहा दिवस अडले की व्यापाऱ्याचे नुकसान, आणि न अडविले तर बंदराला धोका. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर मुंबई व युरोप यांतील अंतर घटले आणि युरोपची धास्ती वाढली. या सगळ्या परिषदांत हिंदुस्थानचे नाव वारंवार निघे, पण ते रोगाचे उगमस्थान म्हणून. येथील माणसाला रोगापासून कसे वाचवावे, यापेक्षा येथील रोग तिकडे कसा पोहोचू नये, हीच चिंता अधिक होती.

याचा प्रत्यय प्लेगच्या वेळी आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात गोमंतकीय डॉक्टर अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. युरोपात खळबळ उडाली आणि १८९७ च्या आरंभी व्हेनिस येथे खास प्लेगसाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मुंबईचा माल व उतारू बंदरांतून परत पाठविले जाण्याची भीती समोर दिसू लागताच सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा घाईघाईने केला आणि त्या साली हजची जहाजेही थांबविली. रेल्वेच्या फलाटांवर उतारूंची तपासणी, घरोघरी झडत्या, रोग्यांची सक्तीने उचलबांगडी हे सर्व त्यापाठोपाठ आले. पुण्यात त्याची परिणती २२ जून १८९७ च्या रँडवरील हल्ल्यात झाली, हे वाचकांस सांगावयास नको.

प्लेग पुढे धारवाड-बेळगाव भागातही आला. 'प्लेगच्या साली' गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहिल्याच्या गोष्टी जुन्या घराण्यांतून अद्याप सांगितल्या जातात. सक्तीचा एक परिणाम सर्वत्र सारखाच झाला: लोक रोगी लपवू लागले. रोगी कळविला तर घरावर संकट येणार असेल, तर तो कोण कळवील? त्याच वेळी दुसरा मार्गही दिसू लागला होता. ओडेसात जन्मलेले, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९८ मध्ये हुबळी-धारवाडकडे ती फार मोठ्या प्रमाणावर टोचण्यात आली. झडतीच्या शिपायापेक्षा टोचणाऱ्या डॉक्टरची वाट लोकांनी अधिक पाहिली.

आता देवीकडे वळू. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना स्थापन झाली. तिच्या १९५८ च्या अधिवेशनात सोव्हिएत संघाचे उपआरोग्यमंत्री व्हिक्टर झ्दानोव यांनी देवीचे जगातून उच्चाटन करावे असा प्रस्ताव मांडला आणि पुढच्या वर्षी तो संमत झाला. हा शीतयुद्धाचा ऐन काळ होता. अमेरिका व रशिया एकमेकांवर क्षेपणास्त्रे रोखून उभे होते. तरीही या एका कामात दोघांचे हात लागले. सोव्हिएत संघाने दोन दशकांत एकूण १४० कोटींहून अधिक मात्रा दान केल्या, त्यांतील फार मोठा भाग भारताला मिळाला. १९६७ मध्ये सुरू झालेल्या जोरदार मोहिमेचे नेतृत्व अमेरिकेचे डॉ. डी. ए. हेंडरसन यांनी केले. अमेरिकेतील एका कंपनीच्या शास्त्रज्ञाने शोधलेली दुबेळक्या टोकाची सुई कंपनीने स्वामित्वधनाशिवाय वापरू दिली. तिच्यामुळे एका माणसाला पूर्वीच्या चौथाई लशीत टोचता येऊ लागले. त्या साली रोग सुमारे तीस देशांत ठाण मांडून होता आणि वर्षाला एक ते दीड कोटी माणसांना देवी येत असाव्यात, असा अंदाज होता.

भारताने आपला राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ मध्ये हाती घेतला. पहिली अडचण लशीचीच होती. वासरांच्या किंवा रेडकांच्या कातडीवर वाढवून, ग्लिसरीनमध्ये कालवून ठेवलेली जुनी लस आपल्या उन्हाळ्यात काही दिवसांत निकामी होई. खेड्यात पोहोचेपर्यंत तिच्यात जीव उरे न उरे. गोठवून वाळविलेल्या लशीने हा प्रश्न सोडविला. ती सदतीस अंश उष्णतेतही महिनाभर टिके. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये सिद्ध झालेली ही पद्धती कुणीही दडवून ठेवली नाही. भारतात तिच्या उत्पादनासाठी युनिसेफने यंत्रसामग्री दिली. नेदरलंड्समधील बिल्थोव्हन आणि कॅनडातील टोरांटो येथील प्रयोगशाळा निरनिराळ्या देशांच्या लशींचे नमुने तपासून देत, जेणेकरून कोणत्याही देशाची लस एकाच कसोटीस उतरावी.

भारतात अशी वाळविलेली लस तयार करणाऱ्या संस्था चार होत्या: नैनितालजवळ पटवाडांगर, मद्रासला गिंडीची किंग इन्स्टिट्यूट, हैदराबादची संस्था आणि आपले बेळगाव. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बेळगावची संस्था मुंबई सरकारच्या काळातली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ती बेळगावासह म्हैसूर राज्यात गेली. त्या पुनर्रचनेने आपल्या मनांत काय कालवाकालव केली, ते येथे पुन्हा सांगण्याचे प्रयोजन नाही. परंतु राष्ट्रीय कार्यक्रमाच्या हिशेबात लशीची कुपी कोणत्या राज्यात भरली गेली याला महत्त्व नव्हते. ती कोणत्या गावी हवी आहे, यालाच होते. सीमाप्रश्नाच्या ऐन धगीतही हे काम चालू राहिले, याची नोंद आपण ठेवली पाहिजे.

लस भरपूर झाली तरी रोग हटेना. १९७४ हे साल तर भयंकर गेले. बिहार, बंगाल व ओरिसाकडे हाहाकार उडाला आणि देशात १,८८,००० वर रोगी व ३१,००० वर मृत्यू नोंदले गेले. याचे एक कारण विशेष बोधप्रद आहे. सरकारी सेवेत ज्यांनी तक्ते भरले वा तपासले आहेत त्यांना ते चटकन उमगेल. एखाद्या भागात रोगी वाढले की वरून विचारणा होई, ठपका येई. म्हणून खालून आकडेच कमी येत. कागदावर रोग ओसरत होता आणि गावात पसरत होता. १९७३ च्या शरद ऋतूपासून घरोघर शोध घेण्याची पद्धत सुरू झाली, तेव्हा नोंदीपेक्षा कितीतरी अधिक रोगी सापडले.

मग धोरण उलटे करण्यात आले. रोगी सापडणे हा दोष न मानता ती कामगिरी मानली जाऊ लागली. रोगी कळविणाऱ्याला बक्षीस ठेवले गेले, ते वाढत वाढत १९७५ मध्ये एक हजार रुपयांवर गेले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. सरसकट सर्वांना टोचत बसण्याऐवजी रोगी सापडताच त्याच्या भोवतालच्या घरांना व गावाला लशीचे कडे घालण्यात येऊ लागले. भारतीय डॉक्टर, आरोग्यसेवक आणि अनेक देशांतून आलेले साथरोगतज्ज्ञ एकाच जीपमधून फिरले. एम. आय. डी. शर्मा, पी. दीश, महेंद्र दत्ता, आर. एन. बसू यांच्यासारखे भारतीय अधिकारी आणि निकोल ग्रासे, झ्देनो येझेक, विल्यम फेगी यांच्यासारखे परदेशी सहकारी यांनी हा गाडा ओढला.

त्याचे फळ दीड वर्षात मिळाले. भारतातील शेवटची रोगी आसामातील करीमगंज येथे मे १९७५ मध्ये आढळली. ती बांगलादेशातून आलेली होती. म्हणजे शेवटचा रोगीही सरहद्द ओलांडूनच आला. तेव्हा सरहद्द बंद करून काम भागले नसते. पलीकडे बांगलादेशात तीच मोहीम त्याच जिद्दीने चालली म्हणून अलीकडे भारत सुरक्षित राहिला. २३ एप्रिल १९७७ रोजी आंतरराष्ट्रीय आयोगाने भारत देवीमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य अधिवेशनाने सारे जग देवीमुक्त झाल्याची घोषणा केली. लस बनविण्याची गरजच उरली नाही; व्हॅक्सिन डेपोचे नाव तेवढे मागे राहिले.

एवढे यश डोळ्यांसमोर असता पुढे सरकारांनी हाच धडा गिरविला असता असे कोणासही वाटेल. पण १९९४ मध्ये उलटा प्रकार घडला. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील ममला गावी गाठीचा प्लेग आढळला आणि सप्टेंबरात सुरतेला फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली. अनेक देशांनी भारताची विमाने थांबविली, माल नाकारला, प्रवाशांना अडविले. जागतिक आरोग्य संघटनेने अशा निर्बंधांची शिफारस केली नव्हती. तरी व्यापाराचे व्हायचे ते नुकसान झाले. रोग कळविणाऱ्या देशाला शिक्षा झाली, तर पुढच्या वेळी कोणता देश कळवील? बिहारमधील तक्त्यांचा प्रश्न आता राष्ट्रांच्या पातळीवर उभा राहिला होता. अशा अनुभवांतून, आणि २००३ च्या सार्स साथीनंतर, आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली २००५ मध्ये नव्याने लिहिली गेली व जून २००७ पासून लागू झाली. पूर्वी पटकी, प्लेग व पिवळा ताप एवढेच रोग कळविणे बंधनकारक होते. आता जगाला धोका पोहोचविणारी कोणतीही साथ चोवीस तासांत कळविण्याचे बंधन आले, आणि इतरांनी विनाकारण दळणवळण तोडू नये असेही ठरले.

कोविडने या नियमावलीची परीक्षा घेतली. ३० जानेवारी २०२० रोजी संघटनेने आणीबाणी जाहीर केली. थोड्याच काळात बहुतेक देशांनी आपापली दारे लावून घेतली. आपल्याकडे तर एकाच देशातील दोन राज्यांच्या सीमेवर निपाणीजवळ कोगनोळी नाक्यावर वाहने थांबली. फेब्रुवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रातून कर्नाटकात येणाऱ्यास आरटीपीसीआर तपासणीचा दाखला आवश्यक झाला. कोल्हापूरला लेक दिलेली, गडहिंग्लजला शेती असलेली, मिरजेला औषधपाणी चाललेली घरे सीमाभागात किती आहेत हे वाचक जाणतात. अशा निर्बंधांनी थोडा वेळ मिळतो आणि त्या वेळात तयारी करता येते, हे मान्य केले पाहिजे. प्रशासनाची अडचण आम्हांस कळते. पण त्या वर्षीची दुसरी लाट नाक्याच्या दोन्ही बाजूंना आलीच.

लशीचाही प्रश्न तेव्हाच ऐरणीवर आला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली लस जानेवारी २०२१ पासून 'व्हॅक्सिन मैत्री'तून शेजारी राष्ट्रांना गेली. दुसऱ्या लाटेत देशातच टंचाई भासू लागताच निर्यात थांबली व ती वर्षाच्या अखेरीस पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात त्या लशीवर विसंबून असलेले आफ्रिकेतील देश ताटकळले. त्याच वेळी काही श्रीमंत राष्ट्रांनी आपल्या लोकसंख्येच्या कित्येक पट मात्रा राखून ठेवल्या होत्या. 'आपली लस बाहेर का पाठविली?' हा प्रश्न आपल्या घरांतूनही विचारला गेला. प्रियजन गमावलेल्या माणसाचा तो प्रश्न समजण्यासारखा आहे. मात्र १९६० च्या दशकात मॉस्कोतील एखाद्या गृहस्थाने हाच प्रश्न विचारून लस अडविली असती तर आपले काय झाले असते, याचाही विचार झाला पाहिजे.

हा विचार दूरच्या देशांपुरता नाही. शिमोगा जिल्ह्यात १९५७ मध्ये प्रथम आढळलेला माकडताप गेल्या दशकात गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि सिंधुदुर्गातील दोडामार्गात पोहोचला. काजूच्या हंगामात सत्तरीकडे कामाला गेलेल्या बेळगाव जिल्ह्यातील मजुरांनाही त्याची बाधा झाली. जंगल एक, गोचीड एक, मजूर एक आणि राज्ये तीन, अशी ही स्थिती आहे. गोव्यात रोगी सापडल्याची बातमी बेळगावच्या आरोग्य खात्यास त्याच दिवशी कळली तरच मजूर सावध होणार.

राष्ट्रांच्या पातळीवर मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य अधिवेशनाने महामारीविषयक करार स्वीकारला. साठ राष्ट्रांनी रीतसर मान्यता दिल्यानंतर तो अंमलात यावयाचा आहे. साथीच्या वेळी जो देश रोगजंतूंचे नमुने व माहिती लवकर देईल, त्याला त्यातून तयार होणाऱ्या लशीत व औषधांत रास्त वाटा मिळावा, हे त्याचे मर्म आहे. सहभागी कंपन्यांनी आपल्या चालू उत्पादनाचा पाचवा हिस्सा संघटनेस उपलब्ध करावा व त्यातील निम्मा तरी दान म्हणून द्यावा, अशी कल्पना त्यात आहे. या वाटपाचे बारकावे करार स्वीकारताना ठरू शकले नाहीत. ते पुढील वाटाघाटींवर सोपविण्यात आले. अमेरिकेने तर त्याआधी, जानेवारी २०२५ मध्येच, संघटनेतून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला होता.

हा करार चांगला की वाईट हे ठरविताना आमच्या मते दोनच कसोट्या पुरेशा आहेत. खरे सांगणाऱ्याला त्यात शिक्षा होते की संरक्षण मिळते? आणि ज्याच्याकडे लस आहे तो ती गरजेच्या जागी पाठवितो की कुलपात ठेवतो? १८९७ मध्ये दोन्ही कसोट्यांवर सरकारे नापास झाली आणि लोकांनी रोगी लपविले. १९७५ मध्ये दोन्हींवर ती उतरली आणि हजारो वर्षांचा रोग गेला. कायदे आणि परिषदा दोन्ही वेळी होत्या. फरक पडला तो विश्वासाचा. सरहद्दीवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी हा फरक विसरू नये.

आमच्या पिढीच्या दंडावर देवी काढल्याचे वण आहेत. त्यांतले काही बेळगावातच तयार झालेल्या लशीचे असतील. नातवंडांच्या दंडावर क्षयाच्या लशीचा बारीकसा वण असतो, देवीचा नसतो. त्यांनी कधी कारण विचारले तर व्हिएन्ना, मॉस्को, टोरांटो आणि टिळकवाडी ही नावे एका दमात सांगावीत.